परसातल्या झाडांची वही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

कोणत्या महिन्यात काय करायचं याचा तक्ता तू मागितलास. तो मी देणार नाही, आणि पुण्याहून आणलेलं बागकामाचं पुस्तकही सध्या कपाटातच राहू दे. नागपूरचा मे महिना पुण्यात नसतो. इथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि याच शहरात डिसेंबर 2018 मध्ये तो 3.5 पर्यंत उतरला होता. तेव्हा एक साधी वही घे. तारीख टाक आणि त्या दिवशी परसात जे दिसलं ते लिही. करायचं काय, हे त्यातूनच कळत जाईल.

तुझ्या संत्र्याचंच बघ. 'पालवी भरपूर, फूल एकही नाही' असं तू लिहिलंस. संत्र्याला फुलायला ताण लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावं लागतं. आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी येणारा फुलोरा, धरणारे शेतकरी डिसेंबरात पाणी तोडतात. थंडी आणि कोरड यांनी झाडाची वाढ थांबते, पानं जरा मलूल होतात. मग जानेवारीत आळं हलकं चाळून, खत घालून पाणी सुरू करतात, आणि नव्या पालवीबरोबर फूल येतं. तू प्रेमाने रोज पाणी घालत राहिलीस, म्हणून झाड वाढतच राहिलं. मे महिन्यात ताण देऊन पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहारही घेतात, पण यंदा तो मोह नको. एकुलतं झाड आहे, उन्हाळाभर त्याला सांभाळ. येत्या थंडीत पानं कधी मलूल होतात, पहिली कळी कधी दिसते, हे मात्र नक्की टिपून ठेव. तुझ्या जमिनीत किती दिवसांचा ताण पुरतो हे मला इथे बसून सांगता येणार नाही.

कडुनिंबाच्या पानांचा कचरा फार होतो म्हणतेस. अगं, तो कचरा नव्हे! आपली काळी माती उन्हाळ्यात आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत बारीक मुळं तुटतात आणि खालची ओल उडून जाते. त्या भेगा पडायच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडुनिंब पानं टाकतो. आळ्यावर चार बोटं जाड थर दे, फक्त खोडापासून वीतभर लांब ठेव. शहरात सकाळी सकाळी ही पानं झाडून जाळताना दिसतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर जवळ जाऊन बघ. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दुभंगी शिंग काढते, त्याचा उग्र वास येतो. लगेच फवारा मारू नकोस. वर्षा-दोन वर्षांचं कलम असेल तर अळ्या हाताने उचलून कढीपत्त्यावर सोड, तो मोठा असेल तर त्याला चार पानांचं काही वाटत नाही. मोठ्या झाडावर तर हातही लावू नकोस. शिंपी आणि दयाळ हे पक्षी पिलांना अळ्याच भरवतात. विषारी फवारा मारलास तर अळ्या जातील आणि त्यांच्यामागे येणारे पक्षीही. कोणत्या तारखेला कोण येऊन अळी टिपतं, हे वहीत यायलाच हवं.

मार्चमध्ये एखाद्या सकाळी शहराच्या कडेच्या गोरेवाडा तलावाकडे जा. पळस फुललेला असेल, आणि नशीब असेल तर त्यावर भोरड्यांचा, त्या गुलाबी मैनांचा, गलका ऐकू येईल. पुढे पावशा पक्षी 'पेरते व्हा' म्हणू लागेल. त्याच्या ओरडण्यावर बी टाकू नकोस, तो पावसाच्या कितीतरी आधीपासून ओरडतो. 7 जूनला मृग लागतो, पण आपल्याकडे पाऊस बहुधा जूनच्या मध्याला धरतो. एका वळवाने वरची माती भिजते, आत कोरडंच असतं. वीतभर खणून बघ, आणि ओल तिथवर उतरल्यावरच सांबार (कोथिंबीर), भेंडी, चवळी लाव. चातक दिसला तर तारीख टाक. तो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे ते कुठे घरटं बांधतात तेही बघत राहा.

पावसाळ्यात संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नकोस, डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग. पाऊस सुरू व्हायच्या आधी खोडाला बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लाव. बाकी पोळ्यापर्यंत तण काढण्याखेरीज फारसं काम नसतं.

आता एक कर. संत्र्याच्या आळ्यात दोन ठिकाणी खण, एक पानांच्या थराखाली आणि एक उघड्या मातीत. ओल किती बोटं खाली लागते ते दोन्हीकडचं लिहून पाठव. मग पाणी किती दिवसांनी द्यायचं ते ठरवू.

तुझे,
काका