‘खुली जागा’ म्हणजे कोणासाठी खुली?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी, वय बासष्ट. माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात असतो. मागच्या नोव्हेंबरात फोनवर म्हणाला, ‘काका, इथे गव्हर्नरची निवडणूक आहे. जागा खुली आहे, म्हणून यंदा जोर आहे.’ मला वाटलं, तिथेही आरक्षण आहे तर. मग ओबीसीला किती, महिलांना किती, सोडत कोण काढतं, असं मी विचारत गेलो आणि त्याला काही सांगता येईना. आई शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘तठे राज्यपालले बी मतं देतस का?’ दोघांच्याही शंका तशाच राहिल्या. तुम्ही शिकवण्यात हयात घालवली, तुम्हीच सांगा.
एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्ही लावलात तोच अर्थ आपल्या जिल्ह्यात कोणीही लावला असता. आपल्याकडे ‘जागा खुली निघाली’ म्हटलं की सोडतीत सर्वसाधारण निघाली, हाच अर्थ. अमेरिकेत निवडणुकीच्या जागांना असं आरक्षण नाही. तिथले लोक ‘ओपन सीट’ म्हणतात ते, त्या खुर्चीवर आज बसलेला माणूस पुन्हा उभा नाही एवढ्याच अर्थाने. तुमच्या पुतण्याने त्याचं सरळ ‘खुली जागा’ केलं आणि तिथे गाडं अडलं. मी तिला ‘मोकळी खुर्ची’ म्हणते.

आधी आजींचं उत्तर देते, कारण मूळ तिथे आहे. हो आजी, देतात. तिथल्या पन्नासही राज्यांत गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो. आपली वर्तमानपत्रं त्याला ‘राज्यपाल’ लिहितात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राजभवन उभं राहतं. खरं तर तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. राज्याचा अर्थसंकल्प तोच मांडतो, विधेयकावर सही करायची की ते अडवायचं हे तोच ठरवतो, शिक्षेत माफी देण्याचा अधिकारही बहुतेक ठिकाणी त्याच्याच हातात. फरक इतकाच की आमदार फुटले म्हणून त्याची खुर्ची जात नाही, कारण आमदारांनी त्याला बसवलेलंच नसतं. थेट सरपंच आठवा. २०१७ साली आपल्याकडे सरपंच गावाने थेट निवडायचा कायदा आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. गावाने थेट निवडलेला सरपंच आणि सदस्यांनी आपसांत ठरवलेला सरपंच यांच्या चालण्याबोलण्यातला फरक तुम्ही पाहिला असेल. तोच फरक राज्याएवढा मोठा करून बघा.

तुमचा पुतण्या ज्या निवडणुकीबद्दल बोलत होता, ती मी जवळून पाहिली. माझी लेक त्याच राज्यात, मिडलसेक्स काउंटीत राहते. मागच्या वर्षी दिवाळीला मी तिच्याकडे होते. एके दिवशी टपालात जाड कागदाची घडी आली. नमुना मतपत्रिका. कोण कोण उभं आहे, मतदान केंद्र कोणतं, सगळं त्यात छापलेलं, आणि ती सरकारच घरोघरी पाठवतं. लेकीने ती फ्रिजला चुंबकाने लावली. शेजारी विजेचं बिल आधीपासून लावलेलं होतं. जूनपासून दर वीस टक्क्यांच्या आसपास वाढले होते आणि घरात रोज तोच विषय. त्या स्वयंपाकघरात ते दोन कागद शेजारी शेजारी बघितले आणि निवडणूक कशावर चालली आहे ते मला कळलं. ज्या मिकी शेरिल पुढे निवडून आल्या, त्या प्रचारभर सांगत होत्या की पहिल्या दिवशी वीजदरांवर आणीबाणी जाहीर करीन आणि दर गोठवीन. शेतीपंपाच्या बिलावर आपल्याकडे काय काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

मतदान ४ नोव्हेंबरला, मंगळवारी. लेक शाळेतल्या केंद्रात गेली, मी बाहेर बाकावर बसले. बोटाला शाई नाही. सही जुळवून घेतात आणि जाताना छातीवर लावायला एक स्टिकर देतात. रांगेतला प्रत्येक माणूस शांत होता. मला आपल्या मतदानाच्या दिवसाचा गलबला आठवला आणि खरं सांगते, तो मला आवडतो.

आता खुर्ची मोकळी का झाली ते. न्यू जर्सीच्या १९४७ सालच्या राज्यघटनेत नियम आहे : गव्हर्नरची मुदत चार वर्षं आणि लागोपाठ दोनच मुदती. फिल मर्फी २०१७ आणि २०२१ असे दोनदा निवडून आले होते, म्हणून २०२५ मध्ये त्यांना उभं राहताच येत नव्हतं. लोकांनी पाडलं नाही, पक्षाने तिकीट कापलं नाही, नियमाने थांबवलं. व्हर्जिनिया तर आणखी कडक. तिथे लागोपाठ दुसरी मुदतच नाही, त्यामुळे चार वर्षांनी खुर्ची मोकळी होणार हे ठरलेलंच. मध्ये चार वर्षं बाहेर काढून पुन्हा येता येतं, पण ते साधणं अवघड. गेल्या शतकभरात मिल्स गॉडविन या एकाच गृहस्थाला लोकांनी तिथे दोनदा निवडलं, एकदा एका पक्षाकडून आणि नंतर दुसऱ्या पक्षाकडून. बहुतेक राज्यांत असा काही ना काही बांध आहे. यंदा २०२६ मध्ये छत्तीस राज्यांत निवडणुका आहेत, आणि त्यांतल्या कॅलिफोर्निया, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो इथल्या खुर्च्या मुदती संपल्यामुळेच मोकळ्या होत आहेत.

मोकळ्या खुर्चीचा पहिला परिणाम म्हणजे गर्दी. २०२१ मध्ये मर्फी स्वतः उभे होते तेव्हा पक्षात त्यांच्यासमोर कोणीच नव्हतं. २०२५ च्या जूनमध्ये त्याच पक्षातून सहा जण उतरले. तिथे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरत नाही, पक्षाच्या मतदारांची आधी वेगळी निवडणूक होते. त्या सहांत न्यूअर्क आणि जर्सी सिटी या मोठ्या शहरांचे महापौर होते, खासदार होते. मतं विभागली आणि शेरिलबाई ३४ टक्क्यांवर पहिल्या आल्या. म्हणजे पक्षातल्या दर तीन मतदारांतल्या दोघांना दुसरं कोणीतरी हवं होतं. नोव्हेंबरात मात्र त्यांना ५६ टक्क्यांहून जास्त मतं पडली.

दुसरा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जो बसलेला आहे त्याच्या कामाकडे बघून मत देता येतं. पाणी आलं की नाही, रस्ता झाला की नाही. खुर्ची मोकळी असली की दाखवायला काम कोणाकडेच नसतं, मग मागच्याचा हिशेब नव्या माणसाच्या गळ्यात टाकतात. तिथे तसंच झालं. समोरच्या पक्षाचे उमेदवार जॅक सिआटारेली हे मर्फींची आठ वर्षं शेरिलबाईंच्या नावावर मांडत होते, आणि त्या उलट त्यांना ट्रम्प यांच्या कारभाराशी बांधत होत्या. मर्फी नाहीत, ट्रम्प नाहीत, आणि निवडणूक मात्र बरीचशी त्या दोघांवर.

भाऊ, आता आपल्याकडे या. तुमची ‘खुली जागा’ आणि तिथली ‘ओपन सीट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर सांगितलं. पण आपल्या गावातही मोकळी खुर्ची असते, आणि ती आणते तीच सोडत. आज सरपंचपद सर्वसाधारण आहे, पुढच्या वेळी महिलांसाठी निघालं की बसलेला सरपंच आपोआप बाहेर. आरक्षण फिरतं आहे ते योग्यच आहे. ते फिरलं नसतं तर कितीतरी बाया आणि कितीतरी वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या खुर्चीपर्यंत कधीच पोहोचली नसती. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. आपल्याला परत यायचं नाही हे ज्याला आधीच कळलं, त्याच्याकडून काम करून कसं घ्यायचं?

माझ्या माहेरच्या गावी पाण्याची टाकी बांधायला घेतली होती. खांब उभे राहिले, वरचा घेर बांधून झाला, आणि सोडत निघाली. पद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं. त्या दिवसापासून टाकीवर माणूस चढला नाही. वहिनी उन्हाळ्यात त्या कोरड्या टाकीच्या सावलीत हंडे मांडून टँकरची वाट बघायची. मी स्वतः जाऊन विचारलं, तर जाणारे म्हणाले, ‘आता माझ्या हातात काय आहे?’ येणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘ते माझ्या वेळचं काम नाही.’ दोघांचंही बोलणं त्यांच्या जागी खरं, आणि हंडे रिकामे. ती टाकी पुरी व्हायला आणखी तीन उन्हाळे गेले.

म्हणून मुदतीचा बांध चांगला की वाईट असं कोणी विचारलं तर मी चांगला म्हणते. एकच घराणं, एकच गल्ली, वर्षानुवर्षं तीच खुर्ची धरून बसलेली मी पाहिली आहे. पण बांध घातला की हिशेब घेण्याचं काम मतदाराच्या अंगावर येतं, आणि ते आपण करत नाही. न्यू जर्सीत ४ नोव्हेंबरला निकाल लागला आणि शपथ २० जानेवारीला झाली. मधले अकरा आठवडे जुन्या माणसांनी नव्यांना कामं समजावून देण्याचे. तुमच्या गावात सोडत निघाली की पुढच्याच ग्रामसभेत उठा आणि अर्धवट कामांची यादी मागा : काम कोणतं, आलेले पैसे किती, उरलेले किती. ती यादी इतिवृत्तात लिहून घ्या. मग जे जे उभे राहतील त्यांच्या हातात तोच कागद द्या आणि विचारा, ‘यातलं पहिलं कोणतं पुरं करणार?’ आजींनाही सोबत न्या. त्यांनी एका वाक्यात जे विचारलं ते पदवीच्या वर्गात मला क्वचित कोणी विचारलं.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो, मग आपला राज्यपाल नेमलेला का? घटनाकारांनी याचा विचारच केला नव्हता का?
एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : बेटा, केला होता, आणि आधी ठरलं होतं ते उलटंच. १९४७ च्या जुलैमध्ये संविधान सभेने राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडायचा असं मान्य केलं होतं. ते फिरलं मे १९४९ च्या अखेरच्या दोन दिवसांत. नेमणुकीची दुरुस्ती ब्रजेश्वर प्रसाद यांनी मांडली, नेहरूंनी तिला पाठिंबा दिला. कारण समजायला सोपं आहे. आपल्याकडे मुख्यमंत्री विधानसभेतून येतो. त्याच राज्यात सगळ्या जनतेची मतं घेऊन आलेला राज्यपालही असला तर मोठा कोण? दोघांची रोज झुंज. अमेरिकेत राज्याला मुख्यमंत्रीच नाही, म्हणून तिथे हा पेच नाही. कलम १५५ प्रमाणे राष्ट्रपती नेमतात आणि १५६ प्रमाणे त्यांची मर्जी असेपर्यंतच पद राहतं. परीक्षेत ही दोन कलमं हमखास चुकतात, तेवढी पाठ कर. आणि उदाहरण लांब शोधायला नको. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये मतं मागून आमदार झाल्या, आणि २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल झाल्या त्या नेमणुकीने. एकाच आयुष्यात दोन्ही वाटा आल्या.

प्रश्न : आपल्यातलं कोणी तिकडे गव्हर्नर झालं आहे का?
एक वाचक, शिरपूर

उत्तर : भारतीय वंशाचे दोघे झाले, आणि दोघेही मोकळ्याच खुर्चीवर. बॉबी जिंदाल २००७ मध्ये लुइझियानात निवडून आले, तेव्हा आधीच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको पुन्हा उभ्या नव्हत्या. निकी हेली २०१० मध्ये साउथ कॅरोलायनात, तिथे आधीच्यांच्या दोन मुदती भरल्या होत्या. बाहेरून आलेल्या कुटुंबातल्या माणसाला शिरायला हीच फट मिळते, असं मला यावरून वाटतं. मागच्या नोव्हेंबरात व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपपदावर, गझाला हाश्मी निवडून आल्या. त्यांचा जन्म आपल्या हैदराबादचा.

मराठी माणूस म्हणाल तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. मिशिगनची खुर्ची २०१८ मध्ये मोकळी झाली तेव्हा ते पक्षाच्या निवडणुकीत उतरले, स्वतःच्या खिशातले जवळपास एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. पहिल्या आलेल्या ग्रेचेन व्हिटमर गव्हर्नर झाल्या. ठाणेदार घरी बसले नाहीत. २०२० मध्ये त्याच राज्याच्या विधानसभेत गेले, आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून खासदार झाले.