दादरचा पियानो कॅलगरीला न्यावा का?

दादरच्या घरातला, आजोबांनी घेतलेला उभा जर्मन पियानो कॅनडातल्या कॅलगरीला न्यावा का आणि इथल्या थंडीत त्याच्या तारा टिकतील का, असे आपण विचारले आहे. मी गिरगावातून इथे येऊन स्थायिक झालो असून घरी पियानो बाळगतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तारांची काळजी मुंबईतच अधिक असते, कारण समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने त्या गंजतात. इथे धोका लाकडाला आहे. पियानोच्या सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो भार मुख्यतः बिडाची चौकट पेलते, पण प्रत्येक तारेचा स्वर टिकतो तो लाकडी ठोकळ्यात घट्ट रुतलेल्या खुंटीमुळे. अनेक पावसाळ्यांत फुगलेले ते लाकूड, हीटिंगमुळे घरातली आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरणाऱ्या इथल्या हिवाळ्यात आकसते. मग खुंट्या सैल होतात आणि साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, भेगाही पडू शकतात.

त्यामुळे निघण्यापूर्वी जाणत्या ट्यूनरकडून खुंट्यांची पकड तपासून घ्यावी. त्या आताच सैल असतील, तर पियानो मुंबईतल्याच एखाद्या शिकणाऱ्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हे लिहिताना मलाही वाईट वाटते. पट्ट्यांवर हस्तिदंत असेल, तर ते देशाबाहेर नेण्याच्या परवान्याचा प्रश्न सुटेपर्यंत पियानो बांधायलाच घेऊ नये.

आणलाच, तर दमटपणा घालवण्यासाठी मुंबईत आपण आत लावतो तो विजेचा बल्ब आठवणीने काढावा. इथे तोच लाकूड सुकवील. पियानो हीटिंगच्या झरोक्यापासून दूर, आतल्या भिंतीलगत ठेवावा, शेजारी आर्द्रतामापक लावावा आणि ह्युमिडिफायरने आर्द्रता शक्यतो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. ट्यूनिंगची घाई नको. लाकडाला काही आठवडे नव्या हवेत स्थिरावू द्यावे. स्वर ४४० हर्ट्झच्या, म्हणजे आजच्या प्रमाण पट्टीच्या, बराच खाली उतरलेला असेल, तर तो टप्प्याटप्प्याने चढवायला सांगावे, कारण गंजलेली तार एकदम ताणली की वळणाच्या जागी तुटते. तुटलीच, तर तिचे तुकडे जपून ठेवावेत. तांबे गुंडाळलेली खर्जाची तार बहुधा जुन्या तारेच्या मापावरूनच नव्याने करून घ्यावी लागते.