मनातलं विचारा : 'गेलो' की 'गेले'?

प्रश्न : ताई, माझं वय 26. जन्मापासून सगळे मुलगी म्हणूनच वागवतात, पण आतून ते कधी पटलंच नाही. लहानपणी वाटायचं मोठं झाल्यावर आपोआप मिटेल, नाही मिटलं. मागच्या वर्षी केस एकदम बारीक केले तेव्हा आरशात बघून रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं हे कुणाला सांगता आलं नाही. आता रोज रात्री टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) सुरू केलेल्या लोकांचे व्हिडिओ बघण्यात दोन दोन तास जातात आणि सकाळी उठल्यावर भीती वाटते की हे सगळं उगाच डोक्यात घेतलंय का. घरी आई, बाबा, धाकटा भाऊ, कुणाला काही माहीत नाही. एका मैत्रिणीला अर्धवट सांगितलंय. सुरुवात कुठून करायची? आणि नंतर पस्तावा झाला तर? (नाव छापू नका.)

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की अख्ख्या पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकदाही 'गेले' किंवा 'गेलो' लिहिलेलं नाही. 'रडू आलं', 'भीती वाटते', 'तास जातात', सगळं असंच. आपल्या भाषेत साधं 'मी आत्ताच आलो' म्हणायचं तरी आधी बाई की पुरुष ते ठरवावं लागतं, आणि तुम्ही ते दर वाक्याला चुकवत लिहिलंय. कागदावर जमतं, पण दिवसभर बोलताना तेवढा विचार करायला वेळ कुठे असतो, तिथे रोज किती वेळा मन मारावं लागत असेल याची मला कल्पना येतेय. मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय तेही त्यामुळेच, 'तुम्ही आलात' म्हटलं की बाई-पुरुष मधे येत नाही.

सुरुवात मग इथूनच करा. फोनमध्ये लॉक असलेली एक नोट काढा आणि पंधरा दिवस रोज झोपताना चार ओळी लिहा, 'आज उशिरा उठलो, कामावर गेलो, कंटाळलो, घरी आलो', बास. जेंडरबद्दल काही लिहायचं नाही, नुसता दिवस लिहायचा. लिहिताना सुटल्यासारखं वाटलं, खोटं वाटलं किंवा काहीच वाटलं नाही, तरी चालेल, ही परीक्षा नाहीये, यात कुणी पास-नापास होत नाही. पण व्हिडिओ बघताना तुम्ही दुसऱ्याचं आयुष्य बघता आणि इथे स्वतःचं, म्हणून त्या दोन तासांपेक्षा या चार ओळींतून तुम्हाला जास्त कळेल असं मला अगदी मनापासून वाटतं.

खात्रीचं म्हणाल तर शंभर टक्के खात्री झाल्यावरच पाऊल टाकायचं ठरवलं तर माणूस आयुष्यभर उंबऱ्यातच उभा राहतो. सकाळची शंका म्हणजे रात्रीचं वाटणं खोटं असा अर्थ होत नाही, एवढ्या मोठ्या गोष्टीची भीती कुणालाही वाटेल. आणि ट्रान्झिशन, म्हणजे आतून पटणाऱ्या ओळखीने जगायला लागणं, हा एकच एक मोठा निर्णय नसतोच. नाव, कपडे, केस, लोकांनी हाक कशी मारायची, हॉर्मोन्स, सर्जरी, कागदपत्रं, यातलं प्रत्येक वेगळं आहे. कुणी फक्त नाव बदलतं आणि तिथेच सुखी असतं, कुणी हॉर्मोन्स घेतं पण सर्जरी नको म्हणतं, कुणाला 'पुरुष' हेही पूर्ण बसत नाही आणि मधलीच जागा आपली वाटते. जे सहज मागे घेता येतं ते आधी करून बघा. मैत्रिणीला सांगा की आठवडाभर मला या नावाने हाक मार आणि 'आलास का' असं विचार. नाही आवडलं तर पुढच्या आठवड्यात दुसरं नाव, काही बिघडत नाही.

टेस्टोस्टेरॉनबद्दल नीट सांगते, कारण व्हिडिओत सगळं फास्ट फॉरवर्ड केलेलं असतं. पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत थांबते. आवाज साधारण तीन महिने ते वर्षभरात उतरायला लागतो. दाढी यायला सहा महिने ते वर्ष आणि नीट भरायला चार-पाच वर्षंसुद्धा लागतात. औषध थांबवलं तर चरबी आणि स्नायूंमधला बदल बराचसा उलटतो, पाळी बहुधा परत येते, पण उतरलेला आवाज परत चढत नाही आणि आलेली दाढी आपोआप जात नाही. म्हणजे मनाशी हिशोब करायचा तो मुख्यतः या न परतणाऱ्या गोष्टींचा. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं मात्र अजिबात नाही, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाहीये. पुढेमागे स्वतःचं मूल हवं असेल तर एग फ्रीझिंगबद्दल (स्त्रीबीजं गोठवून ठेवण्याबद्दल) हॉर्मोन्स सुरू करायच्या आधी बोलून घ्या. आज मूल नको वाटत असलं तरी विचारून ठेवा.

हे सगळं एंडोक्रायनॉलॉजिस्टकडूनच, म्हणजे हॉर्मोन्सच्या डॉक्टरकडूनच. जिममधल्या कुणाकडून किंवा ऑनलाइन इंजेक्शन मागवून स्वतः सुरू करू नका, हे हात जोडून सांगते. टेस्टोस्टेरॉनने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होऊ शकतं, म्हणून पहिलं वर्ष साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. डोस वाढवला म्हणून बदल लवकर होतो असं नाही.

(उलट दिशेने, म्हणजे पुरुषाकडून बाईकडे जायचा विचार करणाऱ्या वाचकांनीही मागे विचारलं होतं म्हणून थोडक्यात : इस्ट्रोजेन या बायकी हॉर्मोनने आवाज बारीक होत नाही, त्यासाठी व्हॉइस ट्रेनिंग करावं लागतं, आणि दाढीसाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेने केसाचं मूळ जाळणं). रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो म्हणून सिगारेट सोडाच, आणि स्पर्म फ्रीझिंगचं आधी विचारा.)

छातीमुळे त्रास होत असेल आणि क्रेप बँडेज गुंडाळत असाल तर आजच थांबवा. ते श्वास घेताना सैल होत नाही, आणखी आवळतं आणि बरगड्यांना इजा होते. मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घ्या, आठ तासांच्या वर नको, झोपताना आणि व्यायाम करताना नको, दुखलं की काढायचा.

काउन्सेलरकडे जायला भीती वाटते असं पत्रात लिहिलं नाहीये, पण ओळींमधून दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत ट्रान्स असणं, म्हणजे जन्मापासून लोकांनी मानलेलं लिंग आतून न पटणं, मानसिक आजारांमधून काढून टाकलंय. म्हणजे तुम्ही तिथे बरं व्हायला जायचं नाहीये, तर मोकळेपणाने विचार करायला आणि घरच्यांचं प्रेशर झेलायला कुणीतरी सोबत असावं म्हणून जायचं. फोनवरच विचारा, 'तुम्ही ट्रान्स लोकांबरोबर आधी काम केलंय का?' उत्तर टाळलं किंवा 'आपण हे ठीक करू' म्हणाले तर अपॉइंटमेंट घेऊच नका.

पस्ताव्याचं खरं सांगते. आतापर्यंतच्या अभ्यासांमध्ये पस्तावणाऱ्यांचं प्रमाण कमीच दिसलंय. थांबणारे असतात, त्यातल्या बऱ्याच जणांना घरच्यांनी, नोकरीने, लोकांच्या त्रासाने थांबवलेलं असतं, आणि काहींना खरंच कळतं की हे आपलं नाही. त्यांनाही कुणी हसू नये. तुम्ही कुठल्याही पायरीवर थांबलात तर तोवर चाललेलं वाया गेलं असं होत नाही.

आता सोबतीचं. मैत्रिणीला उरलेलं अर्धं सांगा, आणि सांगताना तिने काय करायचं तेही सांगा, नाहीतर समोरचा माणूस गोंधळतो आणि सल्ले द्यायला लागतो. 'तू काही ठरवू नकोस, फक्त ऐक, आणि कुणाला सांगू नकोस' एवढं पुरे. मग ट्रान्स लोकांचा सपोर्ट ग्रुप शोधा, आधी नुसतं बसून ऐका. जो ग्रुप तुम्हाला घाई करतो, फोटो किंवा पैसे मागतो, तो सोडायचा. घरी सांगायची घाई नको. सांगायच्या आधी हातात थोडे पैसे, स्वतःची कागदपत्रं आणि वेळ आलीच तर दोन रात्री राहता येईल असं एक घर असू द्या. तुमचे आई-बाबा वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, पण पहिल्या तासात माणसं काय बोलतील सांगता येत नाही. भांडणात सांगू नका. भावापासून सुरुवात केली तर कदाचित सोपं जाईल, ते तुम्हालाच माहीत. आणि मधे कधी जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी हेल्पलाइनला किंवा मैत्रिणीला फोन करा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाने महिन्यापूर्वी सांगितलं की तो मुलगी आहे. मी घाबरून 'हे खूळ डोक्यातून काढ' असं बोलून गेले. तेव्हापासून खोलीचं दार बंद असतं. मी आई म्हणून चुकले का?

उत्तर : बोलण्यात चुकलात, पण तुमच्या मुलीने ही गोष्ट येऊन तुम्हालाच सांगितली, तेवढा तिचा तुमच्यावर भरवसा होता आणि महिन्याभरात तो पूर्ण संपत नाही. मी मुद्दाम 'मुलीने' लिहिलंय, वाचताना खटकलं असेल, सवयीने खटकायचं कमी होतं. बोलताना 'आला' तोंडून गेलं तर 'आली' म्हणा आणि पुढचं बोलणं चालू ठेवा, प्रत्येक चुकीला रडून माफी मागितलीत तर उलट तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. तिला विचारल्याशिवाय नातेवाइकांना सांगू नका, 'बदलवून देतो' म्हणणाऱ्या कुणाकडेही नेऊ नका. सगळं समजलं पाहिजे असं नाही. आज रात्री दार वाजवा, मी चुकीचं बोलले म्हणा, आणि तिला काय नावाने हाक मारू ते विचारा. दार नाही उघडलं तर बाहेरूनच विचारा.