क्लास नंतर बघा, आधी दाखला

ताई, गोवंडीच्या अभ्यासिकेतल्या अकरावीच्या मुलीला बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करायचंय, हात चांगला आहे, तर क्लास कुठला लावू असं तुम्ही विचारलंय. राखीव जागेवरून प्रवेश घ्यायचा असेल तर क्लासच्या आधी जातीचा दाखला आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र यांचं काम हातात घ्या. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

मुलगी मुंबईत जन्मली तरी पुरावा आजोबा-पणजोबांच्या गावचा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सगळ्यात भक्कम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा तरी, किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. गावी जाणं होईल तेव्हाच हे काढून आणा, दिवाळीची सुट्टी वाया घालवू नका.

आमच्याकडच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते एका दाखल्याच्या खिडकीवर. खिडकीवरच्या कारकुनाने आज म्हणायचं नावात फरक आहे, तो निस्तरला की म्हणायचं रेशनकार्ड जुनं आहे. सगळं तोंडी. दर खेपेला घरकाम करणाऱ्या आईचा खाडा, आणि तोवर प्रवेशाची मुदत संपलेली. याचा मला आजही संताप येतो. म्हणून तोंडी त्रुटी ऐकून परत फिरू नका. अर्ज दाखल करून पोच घ्या. 2015 च्या सेवा हक्क कायद्यानुसार पोच द्यावी लागते, ठरलेल्या मुदतीत काम करावं लागतं आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. त्यावर अपील करता येतं.

शिष्यवृत्तीचंही आत्ताच तपासा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. सिम घेताना दुकानदाराने पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि घरच्यांना पत्ताही नसतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं.

आता सराव. दहा बाय बाराच्या खोलीत मुलं जमिनीवर बसून समोर स्टुलावर ठेवलेला तांब्या काढतात. तांब्याचं तोंड डोळ्याच्या रेषेत येतं, त्यामुळे लंबगोल चपटा काढायची सवय लागते. परीक्षेत वस्तू खाली आणि मूल वर असलं की तोच लंबगोल रुंद दिसतो, पण हात जुनाच आकार काढतो. निम्मा सराव उलटा करून घ्या: तांब्या जमिनीवर, मुलगी स्टुलावर. कागद परीक्षेच्याच मापाचा. वहीवर शिकलेल्या मुलांची चित्रं मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात बसतात. महागडे रंग नकोत, पोस्टर कलर पुरतात.

अभ्यासिकेत आठवी-नववीची मुलं असतील तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बसवाच. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवला पाहिजे. मागे लागा.

मी वकील नाही, नियमही बदलत राहतात. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या माहितीवर विसंबू नका, यंदाची माहितीपुस्तिका वाचा. आणि हार्बरने सीएसएमटीला उतरून तिला एकदा जहांगीर कलादालनात न्या, तिकीट नाही. पहिल्या वेळी सोबत आत जा. बाहेरच्या गाड्या आणि दारावरचा पहारेकरी पाहून आपली मुलं दारातूनच परत फिरतात.