उत्तर : चॉकलेट आणि पांढऱ्या फुलांचे परफ्यूम दुपारनंतर सोसवत नाही

नमस्कार. नणंदेने दुबईहून आणलेल्या परफ्यूमविषयी आपण जे लिहिले आहे, त्यात मला माझी जुनी अडचण जशीच्या तशी दिसली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आपल्या म्हणण्यानुसार कागदाच्या पट्टीवर मोगरा, निशिगंध आणि त्यांच्या मागून येणारा कोकोचा कडसर गंध असा सुरेख मेळ होता. ठाण्याहून लोकलने कार्यालयात पोहोचून दुपार होईपर्यंत मात्र फुले नाहीशी होतात, करपलेल्या साखरेचा वास उरतो, मध्येच डांबरगोळीची आठवण होते, शेजारच्या सहकारी बाई डोके दुखत असल्याची तक्रार करतात आणि बाटलीतला द्रवही चहाच्या रंगाकडे झुकू लागला आहे. बाटली नकली आहे का, हा आपला पहिला प्रश्न आणि डिसेंबरात धाकट्या दिराच्या लग्नात हे परफ्यूम लावावे का, हा दुसरा.

सुगंधी द्रव्याचे प्रमाण, ते सांगणारी बाटलीवरची संक्षिप्त अक्षरे वगैरे प्राथमिक गोष्टी आपल्याला ठाऊक असतील असे धरून चालते. मी रसायनतज्ज्ञ नाही आणि डॉक्टर तर नाहीच. बरीच वर्षे या प्रकारची परफ्यूम वापरल्याने आणि त्यांविषयी वाचल्याने जे कळले, तेवढेच सांगते.

केवळ रंग बदलला म्हणून बाटली नकली ठरत नाही. चॉकलेटचा आभास देणाऱ्या परफ्यूममध्ये बहुधा व्हॅनिलिन किंवा इथाइल व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य, असते आणि ते काळाबरोबर द्रवाला पिवळसर, मग तपकिरी करते. त्यातच निशिगंध किंवा संत्र्याच्या फुलांचा गंध उभा करण्यासाठी वापरले जाणारे मिथाइल अँथ्रॅनिलेट अल्डिहाइड नावाच्या गटातल्या काही रसायनांशी संयोग पावून गडद रंगाचे संयुग बनवते. म्हणजे चॉकलेट आणि पांढरी फुले एका बाटलीत आली की रंग गडद होण्याची कारणेही दुप्पट होतात. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहून घ्या. उघड्या डबीचे चिन्ह असेल तर त्यातला महिन्यांचा आकडाही पाहा. बाटली उघडल्यापासून किती महिने ती वापरण्याजोगी राहते, ते त्यावरून कळते. रंग आणि गंध हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मात्र पक्के लक्षात ठेवा, कारण नेमक्या याच दोन गोष्टींची सरमिसळ करून एका तक्रार निवारण कक्षाने मला जे दमवले, ते अजून विसरता येत नाही.

मी तशाच धाटणीची एक बाटली ऐन मे महिन्यात घरपोच मागवली होती. विक्रेत्याचे नाव सांगत नाही आणि पुढे ज्या परफ्यूमांची नावे येतील, त्यांपैकी ती एकही नव्हती. खोके हातात आले तेव्हा तापलेले होते. फवारल्यावर आंबूस, वॉर्निशच्या जवळ जाणारा वास आला. नव्या बाटलीच्या नळीतला पहिला अंश कधी कधी असा लागतो म्हणून आणखी काही फवारे सोडून पाहिले, एक रात्र जाऊ दिली, तरी आंबूसपणा कायम. दुकानातल्या नमुन्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तक्रार कक्षाकडून पहिले उत्तर आले ते असे, की दोष दिसेल असे छायाचित्र पाठवावे. वासाचे छायाचित्र कसे काढावे, हे त्यांना विचारल्यावर बाटलीचे चारही बाजूंनी काढलेले छायाचित्र चालेल असे कळवण्यात आले. ते पाठवले. त्यानंतरचे उत्तर होते, की वेष्टन फोडलेली बाटली परत घेतली जात नाही. आता वेष्टन फोडल्याशिवाय वास कोणाला कळतो, याचे उत्तर त्या कक्षातल्या कोणाकडेही नव्हते. पुढे त्यांनी मला आयातदाराकडे पाठवले, आयातदाराने बॅच क्रमांक असलेली पावती मागितली, विक्रेत्याच्या पावतीवर बॅच क्रमांक छापलेलाच नव्हता, म्हणून मी पुन्हा त्याच कक्षाच्या दारात. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी कथा पहिल्यापासून.

शेवटी जे पत्र आले, त्यात तज्ज्ञांचा हवाला देऊन लिहिले होते की व्हॅनिलिनमुळे द्रव गडद होणे नैसर्गिक असून तो उत्पादनातला दोष नव्हे. हे विधान अक्षरशः खरे आहे, वर मी स्वतःच ते लिहिले आहे. पण माझ्या कोणत्याही पत्रात रंगाची तक्रार नव्हती. मी गंधाविषयी विचारत होते आणि ते रंगाविषयी उत्तर देत होते, कारण रंगाचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते. तोवर परतीची मुदत उलटून गेली होती आणि मुदत उलटल्याची नोंद मात्र त्यांनी अगदी वेळेवर कळवली. पैसे गेल्याचे दुःख होतेच, त्याहून चीड आली ती त्या पत्रातल्या अतिविनम्र भाषेची.

आपली बाटली भेट मिळालेली आणि परदेशात घेतलेली असल्याने हा मार्ग आपल्याला बहुधा लागू होणार नाही. पण पुढे कधी भारतातून ऑनलाइन खरेदी केलीत तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे, तसेच सदोष वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. माझ्या मते दूरध्वनीवर वेळ घालवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी लेखी तक्रार करावी, तिच्यात ‘रंगाविषयी तक्रार नाही, गंध बिघडला आहे’ असे स्पष्ट वाक्य घालावे आणि टोलवाटोलवी सुरू होताच 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. कायद्याचा नेमका सल्ला अर्थातच वकिलाकडून घ्यावा.

आता दुपारच्या बिघाडाकडे वळते. आपल्या वर्णनात आंबूसपणाचा उल्लेख कुठेही नाही, त्यामुळे आपली बाटली मला सुस्थितीत वाटते. अडचण या मिश्रणाच्या स्वभावात आहे. मोगरा-जाईचा जो ताजा, किंचित फळासारखा भाग प्रथम जाणवतो, त्यात बेंझाइल ॲसिटेट आणि लिनालूल यांसारखी हलकी द्रव्ये असतात आणि ती लवकर उडून जातात. मागे राहतात व्हॅनिलिन, टोंका नावाच्या सुवासिक बियांतले कूमारिन, मातकट वासाच्या पानांची पॅचूली आणि म्हातारीच्या केसांचा तो ओळखीचा वास देणारे इथाइल माल्टॉल. 1992 साली आलेल्या ‘एंजल’ या परफ्यूमने पॅचूलीच्या जोडीला इथाइल माल्टॉल सढळ हाताने वापरून गोड, खाद्यगंधी परफ्यूमांची लाटच आणली आणि आज आपण ज्याला चॉकलेटचा गंध म्हणतो, त्यातला बराच भाग त्या लाटेचा वारसा आहे. डांबरगोळीची आठवण का होते, याचे कारण इंडोल. हे द्रव्य मोगरा, जाई आणि निशिगंध यांच्या नैसर्गिक गंधातच असते. अल्प प्रमाणात ते फुलाला जिवंतपणा देते आणि प्रमाण चढले की कुबट वाटते. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तापलेल्या त्वचेवरून हे सारे अधिक जोराने बाहेर पडते. पट्टीवरच्या पहिल्या पाच मिनिटांत यातले काहीही कळत नाही, म्हणून काउंटरवरच्या पट्टीवर विसंबून असे परफ्यूम विकत घेणे मला मुळीच मान्य नाही. या प्रकाराची खरी परीक्षा चौथ्या तासाला, आपल्याच त्वचेवर आणि आपल्याच हवेत होते.

आपल्या सहकारी बाईंनी ‘फुलांत चॉकलेट कशाला’ असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे. डोकेदुखीचा त्यांचा त्रास खरा असू शकतो आणि त्याचा मान ठेवायलाच हवा, परंतु हे टीकावाक्य मला पटत नाही. सतराव्या शतकात इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक (तिथला शासक) तिसरा कोसिमो द मेदिची याच्या दरबारात चमेलीचे चॉकलेट बनत असे आणि त्याचा वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने त्याची कृती गुप्त ठेवली होती. कोकोच्या भरडीवर ताज्या फुलांचे थर पुन्हा पुन्हा रचून तो गंध कोकोच्या स्निग्धांशात उतरवला जाई. आपल्याकडे तिळांवर फुलांचे थर देऊन सुवासिक तेल काढण्याची जी जुनी रीत आहे, तिचे तत्त्वही हेच. कोकोचा कडवटपणा इंडोलच्या कुबट बाजूला सावरून धरतो, म्हणून ही जोडी जमते. 2016 च्या ‘गुड गर्ल’ या परफ्यूममध्ये निशिगंध आणि सॅम्बॅक जास्मिन, म्हणजे आपला मोगरा, कोको आणि टोंकाच्या आधारावर उभे केले आहेत, तर 2006 च्या ‘ब्लॅक ऑर्किड’मध्ये चॉकलेटला पॅचूली आणि ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीची मातकट जोड आहे. मला दुसरी वाट अधिक आवडते. पहिली उन्हाळ्यात फार गोड होते. हे निव्वळ माझे मत, कृपया कोणी वाद घालू नये.

लावण्याच्या पद्धतीविषयी माझा आग्रह एकच आहे : प्रमाण कमी करा, आणि ते आपल्या नाकाला पुरेसे वाटेल त्याहूनही कमी करा. स्वतःच्या अंगावरचा गंध थोड्याच वेळात आपल्या नाकाला जाणवेनासा होतो, म्हणून माणूस आणखी एक फवारा मारतो आणि त्याचा भार लिफ्टमधल्या इतरांवर पडतो. गळा आणि छाती टाळा, कारण तिथला गंध दिवसभर थेट नाकाशी येतो; कपड्यांच्या आत, पोटावर किंवा गुडघ्यामागे एक फवारा या प्रकाराला भरपूर होतो. सकाळच्या लोकलच्या डब्यात तर हे परफ्यूम लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या कुपीत थोडे बरोबर ठेवावे आणि संध्याकाळी कार्यालयातून परस्पर कुठे जायचे असेल तेव्हा लावावे. कोरड्या त्वचेवर आधी व्हॅसलिन लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो गंध टिकवण्यासाठी असतो. आपली अडचण नेमकी उलटी असल्याने तो आपण दुर्लक्षित करावा. सहकारी बाईंना अर्धशिशीचा त्रास असेल, तर कार्यालयात ते पूर्ण बंद ठेवणेच योग्य. आपल्या त्वचेवर खाज किंवा लाली आली, तर घरगुती उपाय न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गोडवा कमी करण्यासाठी वरून चंदनाचे अत्तर लावावे, असे या मंचावर एका सदस्याने सुचवले आहे. चंदनाने हा गोडवा आणखी मऊ आणि जड होतो, कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी वाळ्याच्या अत्तराचा अगदी पुसटसा स्पर्श करून पाहा. वाळ्याचा कोरडा, मुळांचा गंध साखरेला चांगला आवर घालतो. अत्तर भेसळीचे असले तर मात्र सगळाच विचका होतो, म्हणून आधी अत्तर एकटे तपासा. बाटली न्हाणीघरातल्या फळीवर ठेवत असाल, तर आजच तिथून हलवा आणि खोक्यासकट कपाटाच्या खालच्या, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा.

आता लग्नाचे. डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत, विशेषतः समारंभ पुणे-नाशिककडे असेल तर, हेच परफ्यूम आपल्याला जवळजवळ वेगळे वाटेल. फुले अधिक वेळ टिकतील आणि कोको मागे राहील. परंतु सकाळच्या मुहूर्ताला केसांत मोगऱ्याचा गजरा असणार असेल, तर तेव्हा हे लावू नका. खरा मोगरा आणि बाटलीतला मोगरा एकमेकांशेजारी आले की बाटलीतला हमखास खोटा ठरतो. त्या वेळी हवेच तर फुलांचा अंश नसलेले, नुसते कोको-पॅचूलीचे एखादे परफ्यूम मनगटाला लावा आणि पांढऱ्या फुलांचे काम गजऱ्यावर सोपवा. मला तरी याहून चांगला मेळ आजवर कोणत्याही बाटलीत मिळालेला नाही. आपले परफ्यूम संध्याकाळच्या स्वागतसमारंभासाठी, गजरा काढल्यावर राखून ठेवा. द्रव चहाच्या रंगाचा झालेला असल्याने पैठणीवर किंवा फिक्या रेशमावर थेट फवारू नका, डाग जात नाही. साडी नेसण्यापूर्वी अंगावर लावून ते पूर्ण वाळू द्या, किंवा अत्तरासारखा कापसाचा फाया करून तो छोट्या कापडी पुरचुंडीत घालून पर्समध्ये ठेवा.