गाडीचं नंतर बघू, ते पंधरा लाख कुठले?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 34, पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी, काम घरूनच, महिन्यातून दोनदा हिंजवडीला हजेरी. हातात 1 लाख 15 हजार येतात. घरकर्ज 26 लाख बाकी, हप्ता 24 हजार. पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई, तिघीही त्यांच्यावर अवलंबून. दारात 2017 ची स्विफ्ट आहे, पण टीममधल्या तिघांनी इलेक्ट्रिक घेतली म्हणून यांना महिंद्राची बीई 6 हवीय. रस्त्यावर येईपर्यंत 22 लाख. 4 लाख एफडी मोडून, बाकी कर्ज. 'घेऊ, की 15 लाखांची पेट्रोल बघू?' शेवटी जाता जाता लिहिलंय, 'दोन वर्षांनी विम्याचे 15 लाख येतायत, त्यात कर्ज फेडीन.' सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

गाडीचं आधी उरकतो. टीमचं काही चुकलेलं नाही. भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमधले पाच तारे, आपोआप लागणारा ब्रेक, फोनसारखं अपडेट होणारं सॉफ्टवेअर, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबायची कटकट नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याने रात्री घरी चार्जिंगला लावली की किलोमीटरला दीड-दोन रुपयांत काम. तुमचं रनिंग महिन्याला फार तर 1,200 किलोमीटर. किलोमीटरमागे पाच रुपये वाचले तरी वर्षाचे 72 हजार, आणि परतीच्या वाटेवर हायवेला चार्ज केलीत तर तेवढेही नाहीत. वरचे सात लाख वसूल व्हायला दहा वर्षं. शोरूमवाल्याने सांगितलेली व्याजावरची दीड लाखाची करसवलतही विसरा. आयकराच्या 80ईईबी कलमाची ती सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

आता तो फोटो. एफडी रिन्यू करायला गेलात आणि बँकेतल्या साहेबांनी 'पाच वर्षं भरा, दुप्पट घ्या' म्हणून गळ्यात मारली, असं तुम्हीच लिहिता. पानावर काय आहे? वार्षिक हप्ता दीड लाख. हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं. पॉलिसीची मुदत 20 वर्षं. आणि 15 लाखांसमोर लिहिलंय 'विमा रक्कम'. अहो, ती मृत्यूनंतर वारसाला मिळते! दोन वर्षांनी ते 15 लाख येऊ शकतात, पण कर्ज फेडायला तुम्ही नसाल.

मुदत संपेपर्यंत तुम्ही 15 लाख भरणार. विसाव्या वर्षी त्याचे दुप्पट झाले असं उदारपणे धरलं तरी परतावा पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ 2020 पासून 7.1 टक्के देतंय. माहितीपत्रकातले 4 आणि 8 टक्क्यांचे रकाने ही नुसती गृहीतकं असतात. साहेब नेमकं 8 वर बोट ठेवतात.

याहून वाईट म्हणजे तुमच्यावर तीन माणसं आणि 26 लाखांचं कर्ज, आणि कवच 15 लाखांचं. त्यात गाडीचे 18 लाख घेतलेत तर 9 टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता 29 हजार. घर 24, विमा साडेबारा, मिळून 65 हजारांवर. निम्म्याहून जास्त पगार महिना सुरू व्हायच्या आत गेला.

तेव्हा पहिलं काम टर्म इन्शुरन्स, म्हणजे परतावा नसलेलं नुसतं मृत्यूचं कवच. दीड कोटीचा घ्या. तब्येत ठीक असेल आणि सिगारेट नसेल तर वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ती पॉलिसी हातात पडली की मगच जुनीचा हप्ता थांबवा, आधी नाही. विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणं) आणि पेड-अप (हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) असे दोन्ही आकडे लेखी मागा. तुम्ही भरलेल्या तीन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर रक्कम भरलेल्याच्या साधारण 35 टक्के, म्हणजे साडेचार लाखांतले दीड लाखाच्या थोडे वर. विशेष सरेंडर रक्कम याहून बरी असू शकते. पेड-अप केलीत तर कवच साडेचार लाखांवर येईल आणि पैसे विसाव्या वर्षीच मिळतील. पोटात कळ येईल, पण उरलेले साडेदहा लाख तरी वाचतील.

एफडीला हात लावू नका. उद्या नोकरी गेली तर घरकर्जाचा हप्ता तीच भरणार आहे. स्विफ्टचे किलोमीटर तुम्ही लिहिले नाहीत. लाखाच्या आत असतील तर टायर, बॅटरी बदला आणि अजून तीन वर्षं ओढा. विम्याचे वाचलेले साडेबारा हजार दरमहा बाजूला टाकलेत तर तोवर साडेचार लाख जमतील. मग दहा-अकरा लाखांपर्यंतची चार मीटरखालची, 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल बघा. त्यांचा जीएसटी आता 18 टक्के आहे.