मोठ्या कंपनीत पहिलं बिल लावताना

माल गेटच्या आत गेला म्हणजे पैसे सुटले, असं समजू नका. तुमचं बिल, त्यांची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आणि स्टोअरची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) हे तिन्ही जुळले, तरच अकाउंट्सवाले बिल पास करतात. पीओत ५०० नग, जीआरएनवर ४९२ आणि बिलावर पुन्हा ५००, की बिल अडकलं. आणि हे कुणी आपणहून कळवत नाही. पीओ नंबरातला एक आकडा चुकला म्हणून माझं पहिलं मोठं बिल दोन महिने पडून होतं. कामगारांचे पगार तेव्हा दागिने गहाण ठेवून केले. म्हणून सांगतो, मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का घ्याच आणि तपासणी झाली की जीआरएन नंबर मागून घ्या.

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, वेळेवर भरा, नाहीतर कंपनी बिलातली कराची रक्कम रोखून धरते.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा आणि नंबर बिलावर छापा. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या कायद्याचा आधार आहे: माल स्वीकारल्यापासून पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. त्यामुळे फेब्रुवारीतच थकबाकीची यादी पाठवा. पाठवताना खरेदी विभागाबरोबर अकाउंट्सलाही मेल करा. तुमचं बिल नेमकं कुठे अडलंय ते तिथेच कळतं.